दूरच्या यंत्रांची राखण

मुंबईहून कोंकणांत जाणारी आगगाडी पनवेल सोडून दक्षिणेकडे वळली म्हणजे सोमाटणें, रसायनी, आपटा, जिते, हमरापूर हीं स्थानकें मागें टाकीत पेणला येते, आणि तेथून कासू, नागोठणें, निडी करीत रोह्यास पोंचते. आपट्यापासून रोह्यापर्यंतचा लोहमार्ग १९८६ सालीं सुरू झाला. पुढें कांहीं वर्षें रूळ रोह्यासच संपत असत. १५ सप्टेंबर १९९० रोजीं कोंकण रेल्वेची कोनशिला याच गांवीं बसली, आणि २६ जानेवारी १९९८ रोजीं येथून थेट मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत, सुमारें ७४० किलोमीटरांच्या अखंड मार्गावर गाडी धांवली. प्रवाशाला मात्र रोह्यास विशेष कांहीं घडलें असें जाणवत नाहीं. गाडी थांबते, चहावाला आरोळी देऊन जातो, गाडी सुटते. परंतु त्या दोन-चार मिनिटांत गाडीवरची नजर बदललेली असते. रोह्यापर्यंत ती मध्य रेल्वेच्या कंट्रोलरच्या नजरेखालीं होती. रोह्यापुढें कोंकण रेल्वेचा कंट्रोलर तिचा राखणदार होतो.

ही नजर म्हणजे काय? कंट्रोलर बसतो त्या खोलींतून त्याच्या ताब्यांतली एकहि गाडी दिसत नाहीं. तरी दूर कोठें निडीस गाडी पांच मिनिटें खोळंबली कीं त्याला तें कळतें. आणि ती खोळंबल्यामुळें मागची कोणती गाडी कोठें अडेल, हेंहि तो सांगूं शकतो. हें सामर्थ्य त्याला एका आलेखानें दिलें आहे. श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय तोच आहे: डोळ्यांआड, दूरवर पसरलेल्या यंत्रांवर रेघांच्या साहाय्यानें ठेवलेली राखण, प्रथम आगगाड्यांवरची, आणि मग त्याच रीतीनें एकमेकांस जोडलेल्या संगणकांवरची.

कंट्रोलरचा आलेख घरींसुद्धां काढून पाहण्याजोगा आहे. चौकटीचा कागद घ्यावा. डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत स्थानकांचीं नांवें लिहावीं. पनवेल वर, रोहा खालीं, आणि मधलीं अंतरें जमिनीवर जशीं आहेत तशीं प्रमाणांत ठेवावीं. पेण-रोहा हें सुमारें ४० किलोमीटरांचें अंतर कागदाच्या अर्ध्याहून थोडें अधिक भरेल. आडव्या कडेला एका मध्यरात्रीपासून दुसऱ्या मध्यरात्रीपर्यंतचे तास मांडावे. आतां पनवेलहून निघालेली गाडी म्हणजे या कागदावर वरून खालीं उतरणारी एक तिरपी रेघ. रोह्याहून येणारी ती खालून वर चढणारी. जलद गाडीची रेघ उभट, मंद गाडीची निजलेली. गाडी स्थानकांत उभी राहिली कीं रेघ तेवढा वेळ आडवी चालते, कारण काळ पुढें सरकतो आणि जागा बदलत नाहीं. शाळेंत काळ-काम-वेगाच्या उदाहरणांनीं ज्यांना घाम फोडला असेल त्यांनीं हा कागद एकदां अवश्य करून पाहावा. जें पाटीभर आंकडेमोड करून उमगत नाहीं तें येथें दोन रेघांच्या छेदांत उघड दिसतें.

त्या छेदांतच सारी मेख आहे. मार्ग एकेरी असेल तर समोरासमोरच्या दोन गाड्यांच्या रेघा फक्त एखाद्या स्थानकाच्या ओळीवरच मिळाल्या पाहिजेत. दोन ओळींच्या मध्यें कोठेंहि त्या मिळाल्या तर तो नुसता कागदावरचा छेद नव्हे, रुळांवरची टक्कर होय. पनवेल-रोहा मार्ग दीर्घकाळ एकेरी होता, पुढें तो दुहेरी झाला. रोहा ते वीर हा तुकडा २०२१ सालीं दुहेरी झाला. वीरच्या पलीकडे मात्र बहुतेक मार्ग अजून एकेरीच आहे, आणि कोणती गाडी कोणत्या स्थानकांत बाजूस घ्यावी यांतच तेथील कंट्रोलरचें बरेंचसें कौशल्य खर्ची पडतें. एक गाडी वीस मिनिटें उशिरां आली कीं तिची रेघ उजवीकडे सरकते; तिच्याबरोबर ठरलेले सगळे छेद सरकतात; आणि जो छेद करंजाडीच्या ओळीवर नेमका बसत होता तो आतां दोन स्थानकांच्या मधोमध पडूं लागतो. मग कोणाला तरी थांबवावें लागतें. डब्यांत बसलेला प्रवासी ‘क्रॉसिंग लागलें’ म्हणून चरफडतो तो हाच क्षण. त्याला आपली एक गाडी दिसते. कंट्रोलरला साऱ्या दिसतात.

ही युक्ति मूळची फ्रान्समधली. इब्री नांवाच्या अभियंत्यास तिचें श्रेय देतात. एत्येन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञानें आलेखपद्धतीवरील आपल्या ग्रंथांत पॅरिस ते लियाँ मार्गावरील गाड्यांचा असा पट छापला, आणि तो पुढें फार प्रसिद्धीस आला. हा मारे म्हणजे मनगटावरच्या नाडीचे ठोके कागदावर उमटविणारें यंत्र तयार करणारा मनुष्य. नाडी पाहणाऱ्यानें आगगाड्यांच्या रेघा छापाव्या हें प्रथम चमत्कारिक वाटतें. पण दोहोंकडे प्रश्न एकच आहे. आंत चाललेला व्यापार न उघडतां, बाहेरून कसा पाहावा?

कोंकणांत या कागदाला ऋतु आहेत. पावसाळ्यांत कोंकण रेल्वेचें वेळापत्रक निराळें असतें. दरडी आणि पाणी यांच्या भयानें गाड्यांचा वेग उतरवितात, आणि त्या दिवसांत आलेखावरच्या रेघा वाऱ्यानें लवलेल्या भातासारख्या निजतात. भाद्रपद जवळ आला, पेणच्या कारखान्यांतून गणपति बाहेर पडूं लागले, कीं मुंबईचा चाकरमानी गांवाकडे निघतो. जादा गाड्या सुटतात आणि एरवीं विरळ असलेला कागद दाट होतो. रोह्यापुढच्या कोलाडहून गोव्यांतल्या वेर्ण्यापर्यंत भरलेल्या मालमोटारीच आगगाडीवर चढवून नेण्याची सोय १९९९ सालीं सुरू झाली. तिची रेघ वेगळी. पेणहून थळच्या खतकारखान्याकडे फुटणारा मालमार्ग आहे. त्याच्या गाड्यांचें येणेंजाणें वेगळें. रोज हा पट पाहणाऱ्याला वरची तारीख झांकली तरी महिना ओळखतां यावा.

रेघांच्या जोडीला दुसरीहि राखण आहे. माणगांव, चिपळूण, रत्नागिरी इत्यादि स्थानकांत पडणारा पाऊस आपोआप नोंदणारीं उपकरणें बसविलेलीं आहेत. माणगांव आणि वीर यांच्या मधली काळ नदी, वीर आणि सापे-वामणे यांच्या मधली सावित्री, चिपळूण आणि कामथे यांच्या मधली वाशिष्ठी, या तिन्ही नद्यांच्या पुलांवर पूर चढूं लागल्याची सूचना देणारी योजना आहे. रत्नागिरीजवळच्या पानवलच्या उंच पुलावर आणि गोव्यांत मांडवी व झुआरी यांच्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजतात. शेताच्या माळ्यावर बसून रात्रभर रानडुकरांची चाहूल घेणारा राखणदार आणि हीं उपकरणें यांचा धर्म एकच.

तथापि या राखणीचें कौतुक करतांना एक गोष्ट झांकून ठेवणें बरें नव्हे. ४ मे २०१४ रोजीं दिवा-सावंतवाडी पॅसेंजर नागोठणें आणि रोहा यांच्या दरम्यान रुळांवरून घसरली. सुमारें २० प्रवासी प्राणांस मुकले. शंभराहून अधिक जखमी झाले. आलेखाच्या भाषेंत ती घटना म्हणजे नागोठण्याहून खालीं उतरूं लागलेली आणि रोह्याच्या ओळीस न पोंचलेली एक रेघ, इतकेंच. ती तुटली हें पाहून मागच्या गाड्या थांबवितां येतात, पुढच्या वळवितां येतात. पण ती तुटण्यापूर्वीं कागदावर कांहीं दिसण्याचा संभव नव्हता. आलेखाला जागा आणि वेळ एवढेंच सांगितलेलें असतें. चाकाचें, रुळाचें, पुलाच्या दगडाचें दुखणें त्याच्यापर्यंत कोणी पोंचविलें नाहीं तर तो तें दाखवीत नाहीं, आणि आपण तें दाखवीत नाहीं असेंहि तो सांगत नाहीं. सरळ रेघ पाहून सर्व आलबेल आहे असें मानण्याचा मोह प्रत्येक राखणदाराला होतो. त्याचें निवारण रुळांवरून पायीं चालत जाणारा गँगमनच करूं शकतो.

पूर्वीं स्थानकमास्तर दूरध्वनीवरून गाडी आल्या-सुटल्याची वेळ कळवी आणि कंट्रोलर पेन्सिलीनें रेघ ओढी. आतां भारतीय रेल्वेंत हा पट संगणकाच्या पडद्यावर उमटतो. रेल्वेच्याच ‘क्रिस’ या संस्थेनें त्यासाठीं व्यवस्था तयार केली आहे. कित्येक इंजिनांवर उपग्रहाच्या साहाय्यानें आपला ठावठिकाणा दर ३० सेकंदांनीं कळविणारें उपकरण बसलें आहे, तें या पटाला परस्पर खबर देतें. पेणच्या घरांत बसून खिशांतल्या दूरध्वनीवर ‘गाडी कोठें आली’ हें पाहणारी गृहिणी नकळत या आलेखाचेंच एक टोक पाहत असते. रात्रीं अडीच वाजतां मुलाला आणायला स्टेशनवर केव्हां निघावें, हा तिचा निर्णय त्या रेघेवर अवलंबून असतो.

पण पेन्सिलीचें काम संगणकाकडे गेलें म्हणजे नवा प्रश्न उभा राहतो. गाड्यांची राखण संगणक करूं लागला; मग संगणकाची राखण कोणीं करावी? तेहि एका ठिकाणीं नसतात. शेंकडों यंत्रें, निरनिराळ्या गांवीं, तारांनीं जोडलेलीं. त्यांतलें एक मंदावलें तर दुसऱ्याच कोणाचें काम अडतें. बँकेच्या खिडकीवर ‘आज सर्व्हर डाऊन आहे’ हे तीन-चार शब्द ज्यानें ऐकले नाहींत असा नागरिक आतां विरळाच.

हा प्रश्न प्रथम तीव्रतेनें जाणवला तो युनिक्सच्या जगांत. युनिक्स ही संगणक चालविणारी प्रणाली १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनीं आरंभिली. पुढें १९८० नंतरच्या दशकांत मेजावर मावेल पण शास्त्रज्ञाच्या कामास पुरेल असा संगणक निघाला. त्यास वर्कस्टेशन म्हणत. १९८२ सालीं स्थापन झालेली सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी या यंत्रांसाठीं प्रसिद्ध होती. तिच्या चौघां संस्थापकांत विनोद खोसला हे होते. ती कंपनी पुढें २०१० सालीं ऑरेकलनें घेतली. पूर्वीं संस्थेंत एकच मोठा संगणक असे आणि त्याच्या खोलींत एक मनुष्य बसे. आतां प्रत्येक मेजावर एक, आणि सर्व एका जाळ्यांत. सांभाळणारा मनुष्य मात्र पुष्कळदां पूर्वींइतकाच, म्हणजे एक.

त्यानें काय पाहावें? युनिक्समध्यें ‘लोड’ म्हणून एक आंकडा असतो. तिकिटाच्या खिडकीपुढें जी रांग लागते तिची लांबी म्हणजे हा आंकडा, असें स्थूलमानानें समजावें. यंत्राच्या मेंदूकडून काम करून घेण्यासाठीं सरासरीनें किती कामें खोळंबलीं वा चाललीं आहेत, तें तो सांगतो. आणि तो एक नसून तीन असतात: गेल्या १ मिनिटाचा, ५ मिनिटांचा आणि १५ मिनिटांचा. पहिला मोठा आणि तिसरा लहान असेल तर गर्दी नुकतीच वाढली. उलट असेल तर ओसरत आहे. चतुर योजना आहे. परंतु वीस यंत्रांचे तीन-तीन आंकडे दर मिनिटास वाचून डोक्यांत ठेवणें हें मनुष्याचें काम नव्हे. गोमाशीचे डोळे असते तर गोष्ट वेगळी. म्हणून तेथेंहि रेघ आली.

१९८४ सालीं मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञानसंस्थेंत ‘एक्स’ नांवाची चित्रपडद्याची योजना जन्मली. तिचा विशेष असा कीं कार्यक्रम एका यंत्रावर चालावा आणि त्याचें चित्र दुसऱ्याच यंत्राच्या पडद्यावर उमटावें. या सोयीमुळें ‘एक्सलोड’ नांवाचें बोटाएवढें चित्र फार लोकप्रिय झालें. त्यांत लोडचा आलेख उजवीकडे सरकत जातो. रांग वाढली कीं डोंगर उठतो, ओसरली कीं पठार होतें. सनच्या यंत्रांवर ‘पर्फमीटर’ नांवाचें असेंच चित्र असे; दूरच्या यंत्रांत बसविलेल्या एका मूक सेवकाला तें ठराविक वेळानें विचारी आणि तो उत्तर देई. सांभाळणारानें आपल्या पडद्याच्या कडेला अशीं दहा-वीस चित्रें ओळीनें मांडावीं, आपलें दुसरें काम करीत राहावें, आणि एखादें चित्र वेगळें दिसलें कीं मान वळवावी.

वेगळें म्हणजे कशाहून वेगळें, हें महत्त्वाचें. ज्या यंत्रावर रोज रात्रीं दोन वाजतां दिवसभराच्या कामाच्या प्रती काढून ठेवतात, त्याच्या आलेखावर रोज रात्रीं दोन वाजतां टेकडी दिसते. नवखा मनुष्य ती पाहून घाबरतो. मुरलेला राखणदार ती पाहून निश्चिंत होतो, आणि ज्या रात्रीं टेकडी उठत नाहीं, रेघ शांत, सपाट, सुंदर जाते, त्या रात्रीं तो उठून बसतो. कारण प्रती निघालेल्या नाहींत. रोहा स्थानकांतल्या माणसाला जशी नेहमींची गाडी न आल्याची शांतता खटकते, तसेंच हें. यंत्राची प्रकृति कळावयास त्याची रोजची चाल माहीत असावी लागते, आणि ही माहिती कोणतेंहि साधन विकत घेतल्यानें मिळत नाहीं.

महाराष्ट्रांत या प्रकारच्या जोडयंत्रांचें एक नामांकित उदाहरण पुण्याचें. १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं परम ८००० हा महासंगणक तयार केला; त्यानंतर १९९८ चा परम १०००० हा तर सनच्या युनिक्स यंत्रांचीच जाळ्यांत गुंफलेली मालिका होता. प्रत्येक यंत्रांत दोन मेंदू, आणि पूर्ण मांडणींत असे १६०. एका प्रचंड गणिताचे तुकडे करून ते सर्वांना वांटावयाचे, आणि उत्तरें पुन्हां जुळवावयाचीं. अशा रचनेंत आलेख वाचण्याची एक गंमत आहे. एका यंत्राची रेघ माथ्याला टेकलेली आणि बाकीच्यांच्या रेघा तळाशीं, असें चित्र दिसलें तर बाकीचीं आळशी आहेत असा निष्कर्ष काढूं नये. तीं त्या एकाची वाट पाहत असतात; एकेरी मार्गावर पुढें रेंगाळणाऱ्या मालगाडीमागें साऱ्या गाड्या उभ्या राहाव्या, तशीं. दोष तुकडे वांटण्यांत असतो, आणि तो एका यंत्राच्या आलेखांत कधींच दिसत नाहीं. सर्व आलेख शेजारीं शेजारीं ठेवावे तेव्हां दिसतो.

यंत्रांबरोबर त्यांना जोडणाऱ्या तारांचीहि राखण करावी लागते. १९९४ च्या सुमारास टोबियस ओटीकर हा तरुण स्विस मनुष्य इंग्लंडांतल्या एका विद्यापीठांत काम करीत होता. तेथून बाहेरच्या जगाशीं जोडणारी तार एकच, सेकंदाला ६४ हजार संकेत वाहणारी. तिच्यावर किती गर्दी आहे याची सर्वांना उत्सुकता. त्यानें १९९५ सालीं दर पांच मिनिटांनीं मोजमाप घेऊन आलेख काढणारें एक साधन सर्वांना विनामूल्य देऊन टाकलें. ‘एमआरटीजी’ या नांवानें तें जगभर पसरलें. येणाऱ्या वाहतुकीचा हिरवा डोंगर आणि जाणाऱ्या वाहतुकीची निळी रेघ, हें चित्र त्या काळीं जाळीं सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचें झालें.

त्याची रीत आपल्या घरच्या विजेच्या मीटरासारखी आहे. मीटर ‘आतां किती वीज जळते’ हें सांगत नाहीं. ‘आजवर किती जळली’ एवढेंच सांगतो. मागच्या महिन्याचा आंकडा वजा केला कीं महिन्याचा खप निघतो. जाळ्याच्या यंत्रांतहि असा सतत वाढणारा आंकडा असतो. पांच मिनिटांनीं पुन्हां वाचावा, वजाबाकी करावी, ३०० सेकंदांनीं भागावें. येथें दोन खांचा आहेत. पहिली अशी कीं मीटराच्या घरांना मर्यादा असते. ९९९९ नंतर ०००० येतो, तसा जुन्या यंत्रांतला हा आंकडा ४२९ कोटींच्या थोडा पुढें जाऊन शून्यावर येतो. सेकंदाला दहा कोटी संकेत वाहणारी तार भरून चालली तर ही फेरी पावणेसहा मिनिटांच्या आंत पुरी होते. त्याच्या दसपट वेगाच्या तारेवर ३४ सेकंदांत. पांच मिनिटांत आंकडा किती वेळां फिरून आला हें मग कळणार कसें? वजाबाकी बिनचूक आणि उत्तर खोटें! पुढें मोठ्या घरांचे मीटर करून हें निस्तरलें.

दुसरी खांच सरासरीची, आणि ती कोणताहि मीटर बदलून निस्तरत नाहीं. तार तीस सेकंद तुडुंब भरली आणि उरलेलीं साडेचार मिनिटें रिकामी राहिली, तर पांच मिनिटांच्या सरासरींत ती फक्त दहा टक्के भरलेली दिसेल. त्या तीस सेकंदांत ज्याचें काम तुटलें तो तक्रार घेऊन येतो. राखणदार आलेख दाखवून म्हणतो, ‘तार तर रिकामी होती.’ दोघेहि खरें बोलत असतात. आणि आठवड्याच्या आलेखांत हीच सरासरी अर्ध्या तासाची होते, महिन्याच्या आलेखांत दोन तासांची, वर्षाच्या आलेखांत पुऱ्या दिवसाची. म्हणजे जुनी आठवण जितकी मागची तितकी तिचीं शिखरें झिजलेलीं. गतवर्षीं अमुक दिवशीं काय घडलें याचा निवाडा असल्या आलेखावरून करूं जाणें फसवें होय.

चित्राच्या मापाचीहि एक फसवणूक आहे. एक्सलोडमध्यें डोंगर चौकटीबाहेर जाऊं लागला कीं साधन आपण होऊन मोजपट्टी बदलतें आणि आंत आडव्या रेघा वाढवितें. त्यामुळें दोन चौकटींत सारखेच उंच दिसणारे डोंगर एकांत दोनाचे आणि दुसऱ्यांत वीसाचे असूं शकतात. आडव्या रेघा मोजल्याशिवाय उंची बोलूं नये. हल्लींच्या साधनांत रंगांची रेलचेल आहे, पडदे भिंतीएवढे झाले आहेत, आणि प्रत्येक मर्यादेला एक घंटा बांधलेली असते. दिवसांतून शंभर वेळां घंटा वाजूं लागली कीं ‘लांडगा आला रे’ची गत होते, एकशेएकावी ऐकण्यासाठीं कोणी मान वर करीत नाहीं. थोड्या रेघा, पण रोज पाहिलेल्या, हें जुनें वळण त्याहून बरें होतें असें म्हणणें धाडसाचें ठरूं नये.

शेवटचा प्रश्न मौनाचा. दूरचें यंत्र उत्तर देईनासें झालें तर काय समजावें? तें बंद पडलें, कीं मधली तार तुटली, कीं विचारणाराच आजारी आहे? युनिक्सच्या आरंभीच्या एका साधनांत प्रत्येक यंत्र ‘मी आहें’ अशी द्वाही थोड्या थोड्या वेळानें जाळ्यांत फिरवीत असे. ११ मिनिटांत ज्याची द्वाही ऐकूं आली नाहीं त्याच्यापुढें तें साधन ‘डाऊन’ असा शब्द लिही. हा निव्वळ तर्क होता, पण तो उघडपणें केलेला होता. याउलट कित्येक साधनें उत्तर न आल्यास शून्य मांडीत. मग तुटलेली तार आणि निवांत तार यांचे आलेख एकसारखेच दिसत. ओटीकरनें १९९९ सालीं जें दुसरें साधन प्रसिद्ध केलें त्यांत त्यानें यावर मुद्दाम उपाय योजला. ठरलेल्या मुदतींत मोजमाप आलें नाहीं तर तेथें शून्य लिहावयाचें नाहीं; ‘अज्ञात’ असें लिहावयाचें, आणि आलेखांत तेवढी जागा रिकामी सोडावयाची.

आगगाडीच्या व्यवहारांत ही सावधगिरी फार जुनी आहे. कंट्रोलरच्या पटावर रेघ कितीहि सुबक उतरलेली असो, तिच्या भरंवशावर मागची गाडी सोडीत नाहींत. पुढचें स्थानक आलेल्या गाडीचा शेवटचा डबा पाहतें. त्या डब्यावर दिवसा एक खूण आणि रात्रीं लाल दिवा असतो. तो दिसला म्हणजे गाडी सबंध आली, तिचा एकहि डबा मध्यें सुटून राहिला नाहीं. कित्येक ठिकाणीं आतां हें काम रुळाशेजारीं बसविलेलीं उपकरणें करतात: तुकड्यांत शिरलेलीं चाकें मोजावयाचीं, बाहेर पडलेलीं मोजावयाचीं, आणि दोन्ही आंकडे जुळेपर्यंत मार्ग भरलेला आहे असेंच धरावयाचें. निडीहून निघालेल्या गाडीचीं सारीं चाकें रोह्यास मोजून होईपर्यंत मागच्या गाडीला निडीचा सिग्नल लालच राहतो.